ध्रुवीकरण, दुफळी आणि दोन मेंढे

‘ध्रुवीकरण’ हा इंग्रजीवरून बेतलेला शब्द सोडून सरळ ‘दुफळी’ म्हणावं का, असा प्रश्न आहे.

आधी एक तक्रार. दोन नेत्यांनी एकमेकांना टोमणे मारले की बातमीत लगेच ‘ध्रुवीकरण’! अहो, ते साधे मतभेद. त्यांनाच हा शब्द लावत बसलो तर खऱ्या ध्रुवीकरणाला काय म्हणायचं?

शब्द बेतलेला आहे, मान्य. पण ‘ध्रुव म्हणजे तारा, तो एकच, मग दोन टोकं कुठून आणली?’ हा शुद्धिवाद्यांचा आक्षेप उथळ आहे. ध्रुव म्हणजे मुळात अढळ, निश्चित. ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’ यात कुठला तारा आला?

खरी मौज पाणिनीकडे आहे. त्याच्या संस्कृत व्याकरणातलं सूत्र आहे ‘ध्रुवमपायेऽपादानम्’ (अष्टाध्यायी १.४.२४). एखादी गोष्ट जिच्यापासून दूर जाते ती ध्रुव, आणि तिला पंचमी विभक्ती. झाडावरून पान पडतं; झाड ध्रुव. धावत्या घोड्यावरून स्वार पडला तर? घोडा पळतोय, तरी ध्रुव तोच; पडण्याच्या क्रियेत त्याचा हात नाही. मग वैयाकरणांनी दोन मेंढे आणले, दोघेही एकमेकांपासून मागे सरणारे. आता ध्रुव कोण? भर्तृहरी या वैयाकरणाने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात निकाल दिला: प्रत्येक मेंढा स्वतःच्या सरण्याचा कर्ता, आणि दुसऱ्याच्या सरण्यापुरता अवधी (जिथून सरायचं ती सीमा), म्हणजे ध्रुव.

राजकीय ध्रुवीकरणाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. सरकलेले दोघेही असतात, पण जो तो म्हणतो, ‘मी होतो तिथेच आहे, तोच लांब गेला.’ ध्रुव व्हायला सगळे तयार, कर्ता व्हायला कोणी नाही. म्हणून विरुद्ध विचाराच्या माणसाला ‘तू असा कसा झालास?’ विचारलं की बोलणं तिथेच खुंटतं. ‘या प्रश्नावर आपण दोघं पूर्वी काय म्हणायचो?’ असं विचारून बघा. ‘ध्रुवीकरण म्हणजे टोकाला जाणं’ एवढ्यावर थांबणाऱ्यांना हे दिसतच नाही. टोकाला एकटा माणूसही जातो; ध्रुवीकरणाला दोघे लागतात.

हां, दुफळी. ती एकाच गोटात पडते आणि गोट दुबळा करते. ध्रुवीकरणात उलट प्रत्येक गोट आतून घट्ट होतो. ‘मतांचं ध्रुवीकरण झालं’ म्हणजे मतं एकेका बाजूला गोळा झाली. फुटली असती तर ती मतविभागणी. तेव्हा दुफळी चालणार नाही.