पोलीस भरतीत मुलींचा कटऑफ कमी, मग गुणवत्तेचं काय?

तुझी पोस्ट वाचली. तुझं म्हणणं थोडक्यात असं: महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत तुला 118 गुण पडले, दोन गुणांनी हुकलास, आणि तुझ्याच अकॅडमीतली मुलगी 107 वर लागली. मी खात्यात हवालदार आहे, 23 वर्षं झाली. तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरेतुरे करते.

आधी हिशेब. ग्राउंड 50 गुणांचं, लेखी 100 गुणांची. ग्राउंडमध्ये तू 1600 मीटर धावलास, ती 800. तुला पूर्ण 20 गुण हवे तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यायचं, तिला 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत. तुझा गोळा 7.260 किलोचा, तिचा 4 किलोचा. म्हणजे तुझे 118 आणि तिचे 107 एका फुटपट्टीने मोजलेलेच नाहीत. लेखीचे गुण तेवढे शेजारी ठेवून बघता येतील. ते किती फरकाचे होते, हे तू लिहिलेलं नाहीस.

दुसरं, तिने तुझी जागा घेतलेली नाही. महिलांचं 30 टक्के आरक्षण समांतर आहे, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. त्या जागा जाहिरातीतच वेगळ्या दाखवलेल्या होत्या. आणि या आरक्षणाचा काच मुलींनाही बसलाय. उत्तर प्रदेशच्या शिपाई भरतीत एका ओबीसी मुलीला 276 च्या वर गुण होते, खुल्या महिला गटात शेवटची लागलेली मुलगी 274 वर होती, तरी हिला डावललं. कारण काय, तर "तू ओबीसी, तुझ्या रकान्यात थांब." डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खुली जागा सगळ्यांची असते, कुठल्या एका जातगटाची नाही. गुणवत्तेचा मुद्दा काढायचाच तर तो तिथे होता.

आता मुली हव्यातच कशाला, हे. 2009 च्या सुमाराची गोष्ट. एका तालुक्याच्या ठाण्यात आम्ही दोघीच होतो, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. रात्री दीड वाजता फोन आला, लगेच या. मी घरच्या साडीवरच गेले. बाकावर पंधरा-सोळा वर्षांची पोर आईला चिकटून बसली होती. नऊ वाजल्यापासून. ड्यूटीवरचे आमचे जमादार चांगला माणूस, चहा पाजला, दोनदा विचारून पाहिलं. पण ती एक अक्षर बोलली नव्हती. ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलेलं की बोट पांढरं पडलेलं. मी खुर्ची ओढून बसले तर तिने एवढंच विचारलं, "तुम्हीच लिहिणार ना?"

कायद्यातला बदल त्यानंतरचा. 2013 पासून लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची, आणि बाईची अंगझडती तर बाईनेच घ्यायची हे आधीपासूनच आहे. ठाण्यात महिला नसेल तर ती फिर्याद सकाळपर्यंत बाकावर बसून राहते. तू कितीही वेगाने धावलास तरी ते काम तुझ्याने होणार नाही. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडियाचा पेपर ठेवतात तो याच कारणासाठी. समोरच्याची भाषा येत नसेल तर जबाब लिहिणार कसा?

तृतीयपंथीयांवरही तू एक तिरकस ओळ टाकलीयस. 2022 च्या भरतीत अर्जावर त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. प्रकरण मॅटमधून, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातून, उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने डिसेंबरमध्ये खडसावलं, तेव्हा तो आला. रकाना म्हणजे नोकरी नव्हे बाबा, नुसती धावायची परवानगी.

अन्यायच शोधायचा तर माझ्या घरात शोध. 'पोलीस पाल्य' म्हणून वेगळ्या जागा असतात, त्यातून माझा मुलगा अर्ज करू शकतो. बाप शिक्षक, आई हवालदार, घरात दोन पगार. तुझ्या बापाची दोन एकर कोरडवाहू, असं तूच लिहिलंयस. त्या रकान्यावर मात्र कुणी प्रश्न विचारलेला मी पाहिला नाही. मला विचारशील तर त्याचं समर्थन मला जमत नाही. (मुलगा हे वाचणार नाही, तो रील्स बघतो.)

धावण्याच्या वेळेचं म्हणशील, तर आमच्या वेळी मुलांना पाच किलोमीटर पळवायचे आणि वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर. अंगठा कुणाचा, त्यावर सेकंद. आता पायाला चिप असते, तेवढं बरं झालं.

पुढच्या वेळी यादी बघताना तुझ्या प्रवर्गातला 'सर्वसाधारण' रकाना बघ, 'महिला' नाही. दोन गुण म्हणजे लेखीतले दोन प्रश्न. उत्तरतालिका आली की हरकतीची मुदत फार थोडी असते, तेव्हा त्याच दिवशी बसून ताळा कर. आणि गोळ्याकडे लक्ष दे. पोरं नुसती धावत सुटतात, गोळ्याचे 15 गुण तिथेच मैदानात पडून राहतात.