आज हॉटेल, उद्या घरं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शहरात हॉटेल बांधतोय. पुढे धंदा बदलला तर तिथे घरं किंवा ऑफिसं करता यावीत. आत्ता कशाकडे लक्ष द्यावं?

उत्तर: मजल्याची उंची, खांबांतलं अंतर आणि शाफ्टची, म्हणजे पाइप वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीची, जागा. फरशी, फॉल्स सीलिंग, आतल्या हलक्या भिंती केव्हाही बदलता येतात. या तीन गोष्टी एकदा काँक्रीटमध्ये गेल्या की गेल्या.

खोल्यांना ३ मीटरचा मजला पुरतो, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. ऑफिसात वरून एसीचे डक्ट आणि स्प्रिंकलरचे पाइप न्यायचे झाले, की तेवढ्या उंचीत छत डोक्यावर येतं. साडेतीन मीटरच्या पुढे गेलात तर दोन्ही निभतं. उंचीची मर्यादा असेल तर त्यापायी एखादा मजला गमवावा लागेल. तरी मी उंचीच्याच बाजूने आहे. निदान खालचे मजले तरी उंच घ्याच.

खांब दोन खोल्यांच्या रुंदीवर, म्हणजे साधारण साडेसात-आठ मीटरवर ठेवा. दोन खोल्यांमधली भिंतच भार पेलणारी केलीत, तर पुढे त्यांचं एक घर करताना ती भिंत हलवता येणार नाही.

शाफ्टकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. दोन शेजारच्या बाथरूमना मिळून एक शाफ्ट, ही हॉटेलांची नेहमीची पद्धत. घरात स्वयंपाकघर येतं आणि त्याचं सांडपाणी उतारावरच वाहतं. मीटरला दोन सेंटीमीटर उतार धरा. सिंक शाफ्टपासून ५ मीटर लांब गेलं की १० सेंटीमीटर उंची त्यातच गेली. म्हणून आजच शाफ्ट थोडा मोठा घ्या, धुराच्या डक्टला जागा सोडा आणि शाफ्टचं दार कॉरिडॉरमध्ये उघडू द्या. दुरुस्तीसाठी पाहुण्याच्या खोलीत शिरावं लागत नाही, हा फायदा तर पहिल्या दिवसापासून.

प्रश्न: आमच्या इंजिनीअरनी पोस्ट-टेन्शन स्लॅब सुचवलाय. घ्यावा का?

उत्तर: घ्या, पण एका अटीवर. स्लॅब पातळ होतो, तुळया कमी होतात आणि डक्ट मोकळे फिरतात. मात्र आत ताणलेल्या केबल असतात. पुढे जिन्यासाठी किंवा नव्या शाफ्टसाठी भोक पाडताना त्या तुटल्या तर धोका मोठा. कुठे केबल घालायच्याच नाहीत, हे पट्टे आधीच ठरवून नकाशावर दाखवायला सांगा. प्रत्यक्ष बांधकामानुसारचे नकाशे इमारतीतच जपून ठेवा, मालक बदलला तरी.

प्रश्न: कारखान्यात तयार झालेल्या खोल्या सांगाड्याला जोडल्या, तर हव्या तेव्हा बदलता येतील ना?

उत्तर: कागदावर, हो. टोकियोत १९७२ साली वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांनी नाकागिन कॅप्सूल टॉवर उभारला. १४० कॅप्सूल, म्हणजे तयार छोट्या खोल्या, मधल्या गाभ्यांना बोल्टनी जोडल्या होत्या आणि २५ वर्षांनी त्या बदलायच्या, अशी कल्पना होती. एकही बदलली गेली नाही; २०२२ मध्ये इमारतच पाडली. एक कॅप्सूल काढायची तर वरच्या काढाव्या लागत, आणि मालक वेगवेगळे. खोल्या बनवणाऱ्या कंपनीला एवढंच विचारा: मधली एक खोली शेजारच्यांना हात न लावता कशी निघेल? ते नकाशावर दाखवता आलं नाही, तर पैसे सांगाड्यात घाला.

प्रश्न: हॉटेलचं रुग्णालय होऊ शकेल का?

उत्तर: पूर्ण रुग्णालय अवघड. हॉटेलचा कॉरिडॉर साधारण दीड-पावणेदोन मीटरचा, रुग्णाची कॉट फिरवायला २.४ मीटर तरी लागतात. लिफ्टही आतून लांब हवी. वसतिगृह किंवा छोटी घरं मात्र चांगली होतात. कॅलिफोर्नियात २०२० पासून होमकी योजनेत हॉटेलं-मोटेलं विकत घेऊन बेघरांसाठी घरं केली गेली. रुग्णालयाचा विचार खरंच मनात असेल, तर निदान एक लिफ्ट कॉट मावेल एवढी आजच घ्या. तिचा खड्डा नंतर मोठा करता येत नाही.