मन लागत नसताना केलेला जप फुकट जातो का?

तुम्ही विचारलंय की दोन महिने रोज ध्यानाला बसून मंत्रजप करताय, तोंडाने मंत्र चालू असतो आणि मन भलतीकडेच असतं, तर अशा यांत्रिक जपाला काही अर्थ आहे का. शिवाय जप मोठ्याने करावा की मनात.

दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येते. पहिल्याचं उत्तर: फुकट जात नाही. ‘यांत्रिक’ हा शब्द आमच्या घरात मी इतकी वर्षं ऐकलाय की तुमच्या प्रश्नात तो दिसला आणि राहवलं नाही.

माझे बाबा रोज १३ माळा करायचे. ‘श्रीराम जय राम जय जय राम’, तेरा अक्षरी मंत्र म्हणून तेरा माळा, असा त्यांचा हिशेब. सावकाश म्हटलं तर एका माळेला पाच-साडेपाच मिनिटं लागतात, म्हणजे सगळं मिळून तासाच्या वर. एवढा वेळ एका जागी बसायला नोकरीच्या माणसाला कुठून मिळणार? चार माळा पहाटे देवापुढे व्हायच्या, बाकीच्या जमेल तशा. बसची वाट बघताना, दूध तापेपर्यंत, कधी समोर पेपर उघडा टाकून. उजवा हात गोमुखीत, म्हणजे माळ झाकायच्या पिशवीत, आत मधल्या बोटावरून मणी सरकतायत, ओठ किंचित हलतायत आणि डोळे बातमीवर.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, हे खपायचं नाही. एका ध्यानशिबिराला जाऊन आल्यापासून तर फारच. ‘बाबा, ही पोपटपंची आहे. मन नाही तर मंत्र नाही.’ पतंजलींच्या योगसूत्रांतलं ‘तज्जपस्तदर्थभावनम्’ त्याला पाठ होतं. जपाबरोबर अर्थाची भावना हवी, ती तुमच्यात कुठे आहे, असं तोंडावर विचारायचा. बाबा वाद घालायचे नाहीत. एकदाच म्हणाले, ‘अरे, मन येईल तेव्हा येईल, मी तर जागेवर हवा ना?’ दादा हसला होता. ते हसणं मला अजून सलतं.

बाबा एकाहत्तर वर्षांचे असताना त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. पण पाणी हवं असलं तरी ‘पाणी’ म्हणता यायचं नाही. ‘प... प...’ करून थकायचे आणि मान फिरवायचे. माझं नाव घ्यायला जावं तर भलताच शब्द बाहेर पडायचा, आणि तो चुकलाय हे त्यांना कळायचं. त्यांचा तो चेहरा बघवत नसे.

नवव्या की दहाव्या दिवशी संध्याकाळी मी उशाशी बसले होते. दुसरं काही सुचेना म्हणून हलक्या आवाजात त्यांचाच जप धरला. दोनदा म्हटला. तिसऱ्यांदा ‘श्रीराम जय राम’ म्हणून श्वास घेतला आणि पुढचं ‘जय जय राम’ बाबांनी म्हटलं. उच्चार जड, ओठ एका बाजूला ओढलेला, पण सहाच्या सहा अक्षरं जागच्या जागी. मी थांबले. ते थांबले नाहीत. पुढचा अख्खा मंत्र त्यांनी एकट्याने म्हटला, मग आणखी एक, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

स्पीच थेरपिस्टना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. वाचाघातात स्वतःहून शब्द शोधून वाक्य जुळवणं अवघड होतं, पण वर्षानुवर्षं घोटलेलं, म्हणजे आकडे, वार, प्रार्थना, गाणी, हे बऱ्याचदा शाबूत राहतं. त्यांनी तोच धागा धरला. आधी जप, मग त्याच लयीत हाताने ठेका देत एकेक शब्द. ‘नको’ पहिला आला, ‘पाणी’ बऱ्याच दिवसांनी. उजव्या हाताने माळ धरवत नव्हती म्हणून मी ती डाव्या हातात दिली. डाव्या हाताने जप करत नाहीत, अशी एका नातेवाइकांनी आठवण करून दिली. मी माळ काढली नाही.

आता सांगा, त्या दिवशी जे तोंडातून आलं ते काय फक्त देवघरातल्या चार एकाग्र माळांचं होतं? बसस्टॉपवरच्या, दुधापाशी उभं राहून केलेल्या माळांचं काहीच नव्हतं?

आणि शास्त्रच काढायचं तर पूर्ण काढावं. दादा जे सूत्र फेकायचा त्याच्या पुढचंच सूत्र सांगतं की या जपाने अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, दूर होतात. त्याच्या पुढच्या सूत्रात नऊ अंतराय मोजलेत: त्यात आळस आहे, संशय आहे, मन एका जागी न टिकणंही आहे. म्हणजे मन न टिकणं हे ज्याच्यावर उपाय करायचा ते दुखणं आहे. दुखणं बरं झाल्यावरच औषध घ्या असं कोण सांगतं? तीच गोष्ट संख्येची. पुरश्चरणात, म्हणजे ठरलेल्या संख्येचा जप नेमाने पुरा करण्यात, मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप सांगतात. गायत्रीचे २४ लाख. मन लागणं हीच अट असती तर लाखांनी मोजायची गरजच नव्हती.

जप मोठ्याने की मनात? परंपरेत वाचिक, उपांशु आणि मानस अशी चढती पायरी आहे आणि मनुस्मृतीत मानस जपाला सगळ्यात वरचं फळ सांगितलंय. म्हणून नवे लोक थेट मानसावर उडी मारतात आणि पाचव्या मण्याला हरवतात. तुम्ही आधी ऐकू येईल असं म्हणा, मग नुसते ओठ, मग आत. हरवलात की पुन्हा ओठांवर या. घाई करू नका, श्वास लांब होऊ द्या. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावलं होतं. दोन्हींत श्वास लांब होऊन मिनिटाला सहाच्या आसपास आला.

हेही सांगायला हवं की जपाने बाबा बरे झाले असं मी म्हणत नाही. औषधं होती, व्यायाम होते, थेरपी होती. झटक्याची लक्षणं दिसली तर माळ नाही, ॲम्ब्युलन्स. आणि जपाने छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला. बाबांना पाढे तितके घोटलेले असते तर कदाचित पाढेही आले असते, हे मला मान्य आहे. पण पाढे म्हणताना ते रडले नसते.

बाबा पुढे तीन वर्षं होते. दादा आजही म्हणतो की ती नुसती स्मृती होती, साधना नव्हे. आपल्याकडे त्याला नामस्मरणच म्हणतात, दादा.