आईच्या गुडघ्यांना ॲक्युपंक्चर: पैसे भरण्याआधी काय बघायचं

तुम्ही विचारलंय ते असं: आईंचं वय ६४, दोन्ही गुडघ्यांची झीज, मधुमेह, शिवाय हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी. गोव्यात फोंड्यातल्या एका क्लिनिकने ॲक्युपंक्चर (बारीक सुया टोचून उपचार), कपिंग (त्वचेवर पेले चिकटवून ओढ देणं) आणि जानुबस्ती (गुडघ्यावर कोमट तेल धरणं) मिळून बारा बैठकांचं पॅकेज सांगितलंय, पैसे आगाऊ. घ्यावं का?

पॅकेज घेऊ नका. ॲक्युपंक्चर करून बघायला हरकत नाही, पण सहाच बैठका, आठवड्याला एक किंवा दोन, प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी. रक्त काढायचं कपिंग आईंना नकोच. जानुबस्ती करायची तर वेगळ्या दिवशी.

आधी अपेक्षा नीट ठरवू. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, सुईने परत येत नाही. तसं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठा. दुखणं मात्र कमी होऊ शकतं. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांमधल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात सुया घेतलेल्यांना, काहीच न घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट जास्त आराम होता; पण नकली सुया (खऱ्या वाटाव्यात अशा, पण नीट न टोचलेल्या) घेतलेल्यांशी तुलना केली तर फरक लहान होता. याच प्रकारच्या पुराव्यावरून अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली, आणि ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये ते देऊ नये असं सांगितलं. माझं मत असं की, दुखणं थोडं उतरलं आणि त्या जोरावर आई व्यायाम करायला लागल्या, तर सुईचा पैसा वसूल. व्यायाम नसेल तर नाही.

आता क्लिनिकमध्ये काय बघायचं ते. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांकडे नंतर बघा, आधी ट्रेकडे बघा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. त्याची एक बाजू कागदाची असते. त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण, मुदतीची तारीख आणि माप छापलेलं असतं. गुडघ्यासाठी बहुधा ०.२५ किंवा ०.३० मिमी जाडीची, २५ ते ४० मिमी लांबीची सुई वापरतात. दंडात इंजेक्शन देतात ती साधारण ०.६ मिमी असते, म्हणजे ही तिच्या निम्म्याने बारीक. आपल्याकडे पावसाळ्यात एक गोष्ट मुद्दाम बघा: कागदाची बाजू ओलसर, लाटा आलेली किंवा डाग पडलेली असेल तर ते पाकीट निर्जंतुक धरू नये, तारीख शिल्लक असली तरी. काही ठिकाणी रुग्णाच्या नावाची डबी ठेवून त्याच सुया दर वेळी वापरतात. 'तुमच्याच सुया आहेत' हे ऐकायला बरं वाटतं, पण अशा सुया नीट निर्जंतुक होतील आणि डब्या कधीच बदलणार नाहीत याची खात्री कोण देणार? हिपॅटायटिस बी अशाच ढिलाईतून पसरतो. वापरलेल्या सुया पांढऱ्या अर्धपारदर्शक, टोचून फुटणार नाही अशा डब्यात पडल्या पाहिजेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत तसं स्पष्ट आहे.

सुई लावणाऱ्याला मूळ वैद्यकीय पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. केंद्राने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्राने त्यासाठी वेगळा कायदाही केला, पण चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र अजूनही सर्रास टांगलेलं दिसतं. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे ते काय विचारतात: पेसमेकर आहे का, गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे का, रक्त पातळ करणारी गोळी कुठली, पायांना बधिरपणा आहे का. पेसमेकरचं न विचारता सुयांना विजेच्या तारा जोडायला निघाले तर थांबवा.

प्रत्यक्ष बैठकीत आईंना पाठीवर झोपवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवतात. गुडघा थोडा वाकला की वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना खळगे दिसतात. नेहमीच्या जागांपैकी दोन तिथेच. बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर तिसरी जागा. बोटं रुग्णाची मोजायची, उपचार करणाऱ्याची नव्हे, आणि इथेच घाई होते. वाटीखालच्या खळग्यांत सांध्याची पोकळी अगदी जवळ असते. जंतू आत गेले तर सांधा पिकतो, आणि मधुमेहात ही भीती जास्त. म्हणून तिथली त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायला हवी. पुसल्या पुसल्या ओल्यावरच टोचलं तर जंतू मरायला वेळ मिळत नाही आणि चुरचुरतंही जास्त. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याखालच्या हाडाच्या गोळ्यापुढे आणखी एक जागा घेतात. तिथून पायाची नस जाते. पावलापर्यंत विजेसारखा झटका आला तर आईंनी लगेच सांगावं. सुई मागे घेऊन दिशा बदलावी लागते. जडपणा, मंद ताण, मुंग्या हे ठीक. तीव्र, जळजळीत कळ ठीक नाही.

सुया २० ते ३० मिनिटं राहतात. लावताना किती आणि काढताना किती, दोन्ही आकडे मोजायला सांगा. टॉवेलच्या घडीखाली एखादी राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

गोळीबद्दल: ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर बारीक सुयांना सहसा अडचण येत नाही. काढल्यावर प्रत्येक जागी दोन मिनिटं कापूस दाबून धरायचा, चोळायचं नाही. वॉरफरिन असेल तर अलीकडचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) दाखवून हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा. कुठलीही गोळी ॲक्युपंक्चरसाठी स्वतःहून बंद करू नका. सुईच्या निळ्या डागापेक्षा गोळी बंद केल्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

उपवासाच्या दिवशी जाऊ नका. एकादशी किंवा सोमवार धरून, मधुमेहाची गोळी घेऊन, रिकाम्या पोटी झोपलेला माणूस सुई लागताच गार घाम सुटून पांढरा पडतो. हा सुईमुळे आलेला गळाठा असू शकतो किंवा साखर उतरलेली असू शकते, दिसायला दोन्ही सारखंच. सगळ्या सुया काढायच्या, पाय उंच करायचे आणि तिथल्या तिथे ग्लुकोमीटर लावायचा. तो क्लिनिकमध्ये आहे का हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि गुडघ्यासोबत खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागात 'दोन सुया जास्त' नकोत. तिथे फुप्फुस जवळ असतं. नंतर काही तासांनीसुद्धा छातीत दुखलं, दम लागला तर १०८ ला फोन.

जानुबस्ती म्हणजे उडदाच्या पिठाचं कडं गुडघ्यावर बसवून त्यात कोमट तेल भरायचं. ऊब बरी वाटते हे खरं. पण मधुमेहात त्वचेची जाणीव कमी असेल तर तेल जास्त तापलेलं आईंना कळणारच नाही, म्हणून प्रत्येक भरणीला दुसऱ्या कुणी मनगटावर थेंब घेऊन बघायचं. पीठ कडेने पातळ लावलं की तेल झिरपतं आणि मग ते जाड करण्याच्या नादात कडं गरम तेलासह घसरतं. सुईच्या दिवशी तेल नको, तेलकट त्वचा नीट निर्जंतुक होत नाही. आयुर्वेदाचा सल्ला हवा असेल तर धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत किंवा शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा. पॅकेज विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही.

पहिल्या बैठकीआधी कालनिर्णयच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती, घराच्या पायऱ्या न थांबता किती चढता येतात, आणि हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात. सहाव्या बैठकीनंतर तेच परत मोजा. आकडे तिथेच असतील तर सातवी घेऊ नका. दरम्यान रोज दोनदा मांडीचा व्यायाम चालू हवा: पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून ठेवायचा, दुसरा पाय सरळ ताठ करून वीतभर उचलायचा, पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, मग पाय बदलायचा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो.

बैठकीनंतर काहींना झोप येते, म्हणून आईंना अर्धा तास बसवून मग आणा. स्कूटरच्या मागे नको, रिक्षा किंवा गाडी बरी. पुढच्या दिवसांत गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर परत त्याच क्लिनिकला दाखवत बसू नका, त्याच दिवशी थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या.