सहावी तार खाली उतरवताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे गिटारच्या ड्रॉप ट्यूनिंगविषयी, म्हणजे सर्वांत जाड तार नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावण्याविषयी आहेत. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून याच विषयावर सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून ॲकूस्टिक गिटार वाजवतो. सहावी तार ‘ई’ऐवजी ‘डी’मध्ये लावून पाहिली. डी कॉर्ड फार भरदार वाजते. पण जी आणि ई मायनर वाजवताच सगळे बेसूर होते. शिवाय ती तार खरखरते. माझे काय चुकते आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले कान आपल्याला खरे तेच सांगत आहेत, बोटे मात्र अजून जुन्या जागी जात आहेत. नेहमीच्या पद्धतीत जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई असे स्वर लावलेले असतात. ड्रॉप डीमध्ये यांतील फक्त सहावी तार एक पूर्ण स्वर खाली येते, म्हणजे तिची कंपनसंख्या ८२.४ हर्ट्‌झवरून ७३.४ हर्ट्‌झवर उतरते. उरलेल्या पाच तारांना आपण हात लावलेला नसल्यामुळे त्यांवरील स्वर जिथे होते तिथेच राहतात, आणि सहाव्या तारेवरचा प्रत्येक स्वर मात्र दोन फ्रेट (गिटारच्या गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) पुढे सरकतो. तिसऱ्या फ्रेटवरचा ‘जी’ आता पाचव्या फ्रेटवर मिळतो. जुन्या जागी बोट ठेवल्यास तिथे ‘एफ’ वाजतो, आणि जी कॉर्डच्या तळाशी एफ आल्यावर ती बेसूर वाटणारच.

जी कॉर्ड अशी धरून पाहा : अनामिकेने सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबावी आणि त्याच बोटाचा अलगद स्पर्श पाचव्या तारेला ठेवून ती मुकी करावी, चौथी, तिसरी व दुसरी तार मोकळी ठेवावी आणि तर्जनीने पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी. ई मायनर तर अधिकच सोपी होते, कारण दुसऱ्या फ्रेटवर खालच्या स्वरांच्या तिन्ही तारांवर एक बोट आडवे टेकवले की झाले. एका बोटात ई, बी, ई असे तीन स्वर मिळणे हीच या ट्यूनिंगची मोठी सोय आहे. तेच बोट तसेच पुढे-मागे सरकवून पॉवर कॉर्डची, म्हणजे फक्त मूळ स्वर आणि त्याचा पंचम असलेल्या कॉर्डची, सबंध ओळ वाजवता येते. ज्या कॉर्डचा मूळ स्वर पाचव्या तारेवर असतो, उदाहरणार्थ ए किंवा सी, त्या मुळीच बदलत नाहीत. फक्त सहावी तार छेडायची नाही.

आता खरखरीविषयी. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून स्वर जेवढा उतरतो त्यापेक्षा ताण बराच अधिक उतरतो : एका पूर्ण स्वरासाठी तो जवळजवळ २० टक्क्यांनी कमी होतो. सैल तार छेडल्यावर अधिक रुंद झुलते आणि फ्रेटवर आपटते. आपण ट्यूनर लावून हीच तार एकदा हलकेच आणि एकदा जोरात छेडून पाहावी. जोराच्या आघाताला सुई आधी डीच्या वर जाते आणि मग हळूहळू खाली स्थिरावते. पुष्कळ जणांना वाटते की खुंटी घसरते आहे. प्रत्यक्षात सैल तार आघाताच्या क्षणी ताणली जाऊन वरचा स्वर देत असते. उजव्या हाताचा जोर कमी करणे हा पहिला उपाय. तेवढ्याने भागत नसेल आणि आपण कायम याच ट्यूनिंगमध्ये वाजवणार असाल, तर ०.०५३ इंचाच्या तारेऐवजी ०.०५६ इंचाची तार बसवावी. फरक लगेच जाणवेल.

तार लावताना ती डीच्या थोडी खाली नेऊन मग वर चढवावी. वरून खाली येऊन तिथेच थांबल्यास खुंटीचा आणि नटचा (गळ्याच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा) राहिलेला ढिलेपणा चार कडव्यांत तार आणखी उतरवतो. पडताळणीसाठी बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेला न दाबता नुसता स्पर्श करून हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा वरचा स्वर, वाजवावा आणि त्याबरोबर मोकळी चौथी तार छेडावी. दोन्हींचा स्वर एकच असायला हवा. आवाज हेलकावे घेत असेल तर तार अजून लागलेली नाही; हेलकावे मंदावत जाऊन पूर्ण थांबले की लागली.

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक गिटारला तरंगता ब्रिज आहे. ड्रॉप सी लावायला गेलो की एक तार लागते तोवर बाकीच्या बिघडतात. एक तास गेला तरी गिटार सुरात येत नाही. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपली गिटार नादुरुस्त नाही. तरंगत्या ब्रिजला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या हलत्या भागाला, एका बाजूने तारा ओढतात आणि दुसऱ्या बाजूने मागच्या पोकळीतील स्प्रिंगा, आणि तो या दोन ओढींच्या मधोमध तोललेला असतो. एक तार ढिली केली की स्प्रिंगांची ओढ वरचढ ठरते, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. महाविद्यालयात असताना एका कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी मी अशाच गिटारची सहावी तार उतरवली होती, आणि पहिली दोन गाणी मला न वाजवता बाजूला बसावे लागले. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे की तरंगत्या ब्रिजची गिटार एकाच ट्यूनिंगसाठी बांधून घ्यावी आणि तिथेच ठेवावी.

ड्रॉप सी म्हणजे सहाही तारा आधी एक पूर्ण स्वर खाली आणि मग सहावी आणखी एक स्वर खाली : सी, जी, सी, एफ, ए, डी. सहाव्या तारेचा ताण मूळच्या ६३ टक्क्यांवर येतो. ०.०४६ इंचाच्या तारेवर तो नेहमी सुमारे ८ किलो असेल तर सीमध्ये जेमतेम ५ किलो उरतो, आणि अशा तारेवर स्वर स्थिर राहत नाही. पूर्वीचा ताण परत हवा असेल तर तार सुमारे २६ टक्के जाड, म्हणजे ०.०५८ इंचाच्या आसपास घ्यावी लागते. एवढी जाड तार नटच्या जुन्या खाचेत अडकते. खुंटी फिरवताना ‘टक्’ असा आवाज येऊन स्वर एकदम उडी मारतो तो त्यामुळेच. खाच रुंद करणे, स्प्रिंगांचा ताण नव्याने जुळवणे आणि सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घेऊन बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर तिथल्या हार्मोनिकशी मिळवणे, ही तिन्ही कामे जाणत्या कारागिराकडून एकदाच करून घ्यावीत. नटची खाच स्वतः कानशीने घासू नये. ती जास्त खोल गेली तर नवा नट बसवण्यावाचून मार्ग राहत नाही.

आपल्या पत्रात ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांचा उल्लेख आहे, म्हणून एक खुलासा करतो. कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. सैल तारा दाबायला सोप्या जातात. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममधील अनेक गाण्यांत त्यांनी गिटार तीन अर्धस्वर खाली लावली, पण सर्व तारा सारख्याच उतरवल्या. ते ड्रॉप ट्यूनिंग नव्हे, आणि त्यात नेहमीच्या कॉर्डचे आकार बदलत नाहीत.

प्रश्न : ड्रॉप ट्यूनिंग फक्त मेटलसाठी असते, असे माझे शिक्षक म्हणतात. खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांची ‘काप्रिचो आराबे’ ही शास्त्रीय गिटारची सुप्रसिद्ध रचना सहावी तार डीमध्ये लावूनच वाजवतात. आपल्या शिक्षकांना ती आदराने ऐकवावी.

प्रश्न : आमच्या घरी तंबोरा आहे. ड्रॉप डीच्या खालच्या तीन तारा छेडल्या की तंबोऱ्याची आठवण येते. हा नुसता भास आहे का? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : मुळीच नाही, आणि तंबोऱ्यांच्या गावातून हा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला. डीला षड्ज मानले तर त्या तीन तारा सा, प, सा अशाच बोलतात. तंबोऱ्यातही हेच स्वर असतात. क्रम आणि जवारी (तारेचा गुंजणारा नाद) मात्र वेगळी. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने आपण तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावता. गिटारवर तेच करायचे झाल्यास पाचवी तार ‘ए’वरून ‘जी’पर्यंत उतरवावी, म्हणजे सा, म, सा मिळतात आणि मोकळी तिसरी तारही मध्यमच देते. पहिली आणि दुसरी तार मात्र मोकळी छेडू नये, कारण त्या शुद्ध ऋषभ आणि शुद्ध धैवत देतात आणि मालकंसाला दोन्ही चालत नाहीत.

तंबोरा लावायची सवय असलेल्या आपल्या कानांना आणखी एक गोष्ट ऐकू येईल. ड्रॉप डीमध्ये ट्यूनरवर सर्व तारा अचूक लावाव्यात आणि मग सहाव्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक व पाचव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक एकत्र वाजवून शांतपणे ऐकावेत. साधारण दर चार सेकंदांनी आवाज एकदा फुगून ओसरतो, कारण ट्यूनरचा पंचम खऱ्या पंचमापेक्षा किंचित उतरलेला असतो. तंबोऱ्यावर आपण मणी सरकवता तेवढ्याच नाजूकपणे पाचव्या तारेची खुंटी चढवत जावी. तो हेलकावा थांबला की तिथे खुंटी सोडावी आणि तिन्ही तारा पुन्हा एकदा सावकाश छेडाव्यात.