नळदुर्गला पुन्हा जायचंय? मग रविवार सोडा

तुम्ही विचारलंय, लहानपणी शांत बघितलेला नळदुर्गचा किल्ला आता पावसाळ्यात माणसांनी भरलेला असतो, तर सोलापूरहून पुन्हा जावं का?

जावं की ओ! फक्त ‘नर-मादी सुरू’ अशी बातमी पेपरात आली की लगेच रविवारी गाडी काढायची, ही आपली सोलापूरकरांची खोड आधी सोडा. यावरून माझं थोरल्या भावाशी दरवर्षी वाजतं. तो म्हणतो, पाणी आटायच्या आत बघून घ्यावं. अहो, नर आणि मादी हे डोंगरातले धबधबे नव्हेतच. बोरी नदीवर किल्ल्यात जो बांध घातलाय, त्याचे ते सांडवे. नदीच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागलं की इथं पाणी पडतं, आणि धरण वाहतंय तोवर पडतच राहतं. पहिलाच रविवार गाठायची गरज नाही. शिवाय आपल्या भागात खरा पाऊस सप्टेंबरचा. तेव्हा सप्टेंबरातला एखादा बुधवार धरा.

हैदराबाद रोडनं पन्नासेक किलोमीटर, तासाभराचं काम. एसटीनं जायचं तर उमरग्याची गाडी चालते.

आत शिरलात की आधी पाणी महाल. बांधाच्या पोटातच खोल्या आहेत. खाली उतरायची वाट अरुंद. चढणारे-उतरणारे तिथंच अडतात, त्यात कुणी फोटोला थांबला की सगळेच खोळंबतात. पायऱ्यांवर ओल आणि शेवाळ, त्यामुळे गुळगुळीत तळाची चप्पल नको. खिडकीशी उभं राहिलं की डोक्यावरून आलेलं पाणी समोर पडद्यासारखं कोसळतं, अंगावर फक्त तुषार. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, 1613 चं हे काम. मीर इमादीन नावाच्या स्थपतीचं. याला नुसता ‘स्पॉट’ म्हणतात तेव्हा जीव तुटतो.

मग उपली बुरूज. सत्तरएक पायऱ्या, वर सावलीचं नाव नाही, म्हणून उन्हं चढायच्या आत उरका. वर दोन लांबलचक तोफा आहेत, आणि सगळा किल्ला एका नजरेत येतो. नदीपलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला तिथूनच नीट समजतो. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज मात्र बाहेरच्या अंगानं बघा. त्याच्या पाकळ्या आतून कळत नाहीत.

डबा घरचाच न्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कडक भाकरी दिवसभर टिकते. कागद-पिशव्या परत आणा, नदीत टाकू नका.

एक राहिलंच. पाणी गढूळ आणि जोरात असेल तर खाली उतरू नका, वरूनच बघा. आणि एखाद्या वर्षी धरण भरलंच नाही, तर भावाचं ऐकून बेत रद्द करू नका. कोरड्या बांधात दगडाला दगड कसा बसवलाय ते हात लावून बघता येतं, आणि तेव्हा तिथं कुणी नसतं.