शेअर फसवणुकीचा दावा कोर्टात किती वर्षं चालतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या एका कंपनीविरुद्धच्या क्लास अ‍ॅक्शनमध्ये (म्हणजे सगळ्या गुंतवणूकदारांच्या वतीने एकत्र चालणाऱ्या दाव्यात) तुमचेही शेअर येतात, दावा दाखल होऊन वर्ष झालं, तरी काहीच हालचाल नाही. मग वाट तरी किती पाहायची?

मीही अशा एका दाव्यात गुंतवणूकदार होतो. पैसे हातात पडेपर्यंत सहा वर्षं गेली. पहिलं वर्ष असंच सामसूम होतं, आणि ते नेहमीचंच आहे. शेअर फसवणुकीच्या दाव्यांसाठीच्या अमेरिकेतल्या 1995 च्या कायद्याप्रमाणे दावा दाखल झाल्यावर 20 दिवसांत जाहीर नोटीस निघते, त्यानंतर मुख्य वादी (सगळ्यांच्या वतीने दावा चालवणारा) व्हायला पुढे येणाऱ्यांना 60 दिवस मिळतात. मग सुधारित दावा येतो, आणि त्यावर कंपनी दावा फेटाळण्याचा अर्ज करते. सगळं अडतं ते इथे. या अर्जाचा निकाल लागेपर्यंत कंपनीची कागदपत्रं मागवणं सहसा थांबलेलंच असतं. म्हणून मी तर म्हणेन, वर्षं मोजायची ती या निकालापासून. अर्ज मंजूर झाला तर बहुतेक वेळा दावा तिथेच संपतो. नामंजूर झाला, की मग कंपनी तडजोडीचं बोलू लागते. ज्यूरीपर्यंत, म्हणजे कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळापर्यंत, फार थोडे दावे जातात.

आणि जे जातात, त्यांचंही लवकर संपत नाही. हाउसहोल्ड इंटरनॅशनल या कर्ज देणाऱ्या अमेरिकन कंपनीवरचा दावा 2002 चा. ज्यूरीने मे 2009 मध्ये गुंतवणूकदारांच्या बाजूने कौल दिला, 2013 मध्ये सुमारे 246 कोटी डॉलरचा हुकूमनामा झाला, आणि 2015 मध्ये अपील कोर्टाने तो रद्द करून पुन्हा खटला चालवायला सांगितलं. शेवटी 2016 मध्ये 157.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे चौदा वर्षं! त्यात ज्यूरीसमोरची सुनावणी जेमतेम काही आठवड्यांची.

तडजोड जाहीर झाली म्हणजे पैसे आले असं नाही, हे मला फार उशिरा कळलं. आधी नोटिसा, मग कोर्टाची मंजुरी, मग प्रत्येकाचा क्लेम फॉर्म तपासणं, यात सहज वर्ष जातं. माझा फॉर्म जुन्या पत्त्यावर गेला होता, मुदत संपायला चार दिवस असताना हाती लागला. तेव्हा शेअर घेतल्या-विकल्याच्या तारखांची ब्रोकर स्टेटमेंट आजच काढून ठेवा, आणि पत्ता बदलला असेल तर ब्रोकरला कळवा.